पत्ता माहीत नाही

पोस्टमननं सायकल रस्त्यापलीकडे लावली आणि फाटकाबाहेरूनच हाक मारली, "फवारा, सहीचं पत्र आलंय! बाहेर ये. मी आत येणार नाही. मागच्या खेपेला तू माझी चप्पल भिजवलीस."

शेडच्या दारातून म्हातारा पाठीवरचा पंप न उतरवताच आला. गावानं त्याचं नाव फवारा ठेवलं होतं, आणि त्याचं त्याला वाईटही वाटत नव्हतं. त्याच्या शेडमध्ये रेशमाच्या अळ्या होत्या. एकदा बाहेरून कुठून तरी रोग आत शिरला आणि सगळी बॅच रॅकवरच पिवळी पडून फुटली. ती घाण त्यानं हातांनी उपसली होती. तेव्हापासून शेडजवळ येणारी प्रत्येक वस्तू तो ब्लीचिंग पावडरच्या पाण्यानं फवारत असे. टोपल्या, विळे, पाहुणे, शेजारणीचं मांजर, कुणालाच सूट नव्हती.

त्यानं सही केली आणि पाकिटाच्या दोन्ही बाजूंवर फवारा मारला.

"अरे, सरकारी दिसतंय ते!" पोस्टमन म्हणाला. "परदेशाचं तिकीट आहे त्यावर."

"रोगाला काय, परदेशाची बंदी आहे?" म्हाताऱ्यानं पाकीट फाडलं. घडीतही रोग बसतो, असं त्याचं ठाम मत होतं. एकेक कागद उलगडून त्यानं दोन्हीकडून नीट भिजवला आणि टॉवेलच्या तारेवर चिमटे लावून वाळत घातला. मग तो समाधानानं आत गेला.

आत सगळ्यांचे हात भरलेले होते. अळ्या शेवटच्या अवस्थेत आल्या होत्या. या अवस्थेत त्या बोटाएवढ्या होतात आणि त्यांना खाण्याशिवाय दुसरं काही सुचत नाही. तुतीच्या फांद्या रॅकवर टाकाव्यात आणि वळून बघावं, तर नुसत्या काड्या उरलेल्या. सून खालपासून वरपर्यंत फांद्या पसरत होती. तिच्या डोक्याला रुमाल बांधलेला होता आणि कोपरापर्यंत हात चिकानं काळे झाले होते. सासू उजवा हात प्लास्टरमध्ये घेऊन स्टुलावर बसली होती आणि डाव्या हातानं हुकूम सोडत होती.

"तो कोपरा उपाशी आहे बघ. तिथल्या माझ्याकडेच बघतायत."

"आई, त्यांना डोळ्यांनी नीट दिसतसुद्धा नाही."

"मला दिसतं ना!"

फांद्यांचा पुढचा भारा आणायला सून बाहेर आली आणि तारेवरचे कागद बघून थांबली. ती नवऱ्याबरोबर दोन वर्षं त्या देशात राहून आली होती. तिथली भाषा तिला येत होती. पहिला कागद तिनं तारेवरच वाचला. दुसऱ्या कागदासाठी तिनं चिमटा काढला. मग ती तिथेच तुतीच्या भाऱ्यावर बसली.

सासू-सासरे दोघंही दारात आले.

"काय म्हणतंय कोर्ट?" सासऱ्यानं विचारलं. कोर्टाचं चिन्ह सगळीकडे सारखंच भीतीदायक असतं, ते त्यानं ओळखलं होतं.

"तुमच्या मुलानं तिथल्या कोर्टात अर्ज केलाय. लग्न मोडायचा."

शेडमधून तेवढा अळ्यांच्या खाण्याचा आवाज येत राहिला.

"पुढे लिहिलंय," सून म्हणाली, "की बायको आपण होऊन घर सोडून गेली. सध्या कुठे आहे ते अर्जदाराला माहीत नाही. म्हणून हे पत्र त्याच्या आई-वडिलांच्या पत्त्यावर पाठवत आहोत, त्यांना काही ठावठिकाणा माहीत असल्यास कळवावे."

"ठावठिकाणा?" सासूनं आधी सुनेकडे पाहिलं, मग भाऱ्याकडे, मग पुन्हा सुनेकडे. "तू तर इथे बसली आहेस!"

"माझा हात मोडलाय, तर मदतीला जा, असं सांगून त्यानंच हिला विमानात बसवलं ना?" सासऱ्यानं बायकोला विचारलं.

"माझा हात आहे, मलाच काय विचारता?"

"आणि अमुक तारखेच्या आत मी उत्तर दिलं नाही," सून म्हणाली, "तर मला काही म्हणायचं नाही असं धरून निकाल लावतील."

"कोणत्या तारखेच्या?"

सुनेनं कागद उन्हाकडे धरला. छापलेलं सगळं जागच्या जागी होतं. मधल्या ज्या रिकाम्या जागा कुणी तरी पेनानं भरल्या होत्या, तिथे आता फिकट पिवळे डाग होते.

"ती तारीख तुम्ही धुतलीत, बाबा."

म्हाताऱ्यानं पाठीवरचा पंप हळूच उतरवून खाली ठेवला. मुलानं लग्न मोडायला काढलं होतं ते बाजूलाच राहिलं. त्या संध्याकाळपर्यंत घरात सगळी बोलणी म्हाताऱ्यालाच बसली.

कोर्टाचा फोन नंबर छापलेला होता म्हणून वाचला होता. पण तिकडे सुट्ट्या लागून आल्या होत्या आणि फोनवर नुसती गाणी वाजत होती. तेव्हा सासूनं मुलालाच फोन लावायचं ठरवलं. तिकडे तो लिफ्टची दुरुस्ती करत असे.

"तारीख गेली हे त्याला कळू द्यायचं नाही," तिनं दोघांना बजावलं. "मी बरोबर काढून घेते. लहानपणी कैऱ्या कुठे लपवल्या ते असंच काढून घ्यायची."

मुलगा पडद्यावर आला. त्याच्या मागे लिफ्टचं उघडं दार होतं.

"आम्हाला सगळं कळलंय," सासू म्हणाली. "तारीखसुद्धा."

"बरं."

"तुला तरी माहीत आहे का तारीख?"

"मला माहीत नसेल का, आई?"

"मग सांग. बरोबर आहे का बघते."

"पत्र हरवलंत का तुम्ही?"

"हरवलं नाही. स्वच्छ केलं."

सासऱ्यानं कपाळावर हात मारून घेतला. मुलाला मात्र बापाची सवय माहीत होती. त्याला हसू आलं आणि ते त्यानं गिळलं.

"जाऊ दे ना मग," तो म्हणाला. "मी तिच्या फोनवर एक कागद पाठवलाय. तेवढ्यावर सही करायला सांग. विषय संपला. भांडण काहीच नाही. फक्त मनं जुळत नाहीत."

"मनं जुळत नव्हती तर माझा हात मोडायच्या आधी सांगायचंस! आणि पत्ता माहीत नाही, असं लिहिलंस? ज्या घरात जन्मलास त्या घराचा पत्ता माहीत नाही?"

"ते वकिलानं लिहिलंय, आई. असंच लिहायची पद्धत असते. लवकर होतं त्यानं."

"लवकर कशाला? गाडी चुकतेय का तुझी?"

लिफ्टचं दार आपोआप बंद झालं आणि फोनही.

गावात एक वकीलबाई आठवड्यातून एकदा सरकारी खोलीत बसून फुकट सल्ला देत असे. पण अळ्या सोडून सुनेला हलता येत नव्हतं, म्हणून वकीलबाईच शेतावर आली. तिनं अत्तर लावलं होतं. अळ्यांना उग्र वास चालत नाही. फवाऱ्यानं तिला शेडच्या बाहेर, जाळीच्या खिडकीपाशी उभं केलं आणि तिच्या पायांभोवती चुन्याची रेघ ओढली.

"मी अशील बघायला आले की अशील मला बघणार आहेत?" ती म्हणाली.

"रेघेच्या आत राहून बोला, बाई. आत सगळं ऐकू जातं."

सून फांद्या टाकता टाकता ऐकत होती. वकीलबाई मोठ्यानं आणि सावकाश बोलत होती, वर्गात मागच्या बाकाला ऐकू जावं तसं.

"पहिली गोष्ट. फोनवर आलेल्या त्या कागदावर सही करायची नाही. त्यात लिहिलंय की तुझं काहीही मागणं नाही. मागणं आहे की नाही हे तू अजून ठरवलेलंसुद्धा नाहीस."

"नाही केली सही."

"दुसरी. कोर्टाला उत्तर द्यायचंच. दिलं नाहीस तर एकतर्फी निकाल लागेल. तो निकाल इथे चालणार नाही, असं म्हणून आपण इथल्या कोर्टात भांडू शकतो. पोटगीही मागू शकतो. पण तुझ्या तिकडच्या राहण्याच्या परवान्याला इथून कुणी हात लावू शकत नाही. तो परवाना कुणाच्या जोरावर आहे?"

"त्याच्या. त्याची बायको म्हणून."

"म्हणजे बायको नाही, तर परवाना नाही. पण बऱ्याच ठिकाणी अशी सोय असते, की निकाल लागायच्या आधी बाईला स्वतःच्या नावानं अर्ज करता येतो. तू तिथे कामाला होतीस ना?"

"लाँड्रीत. मोठी इस्त्री चालवायची. तिथली मालकीण अजून विचारते, कधी येतेस म्हणून."

"मग तो रस्ता उघडा असू शकतो. पण हे तिथल्या वकिलाला विचारून पक्कं करायचं. तिथेही फुकट सल्ला देणाऱ्या संस्था असतात, मी शोधून देते. तिथला कायदा मला येत नाही. आणि इथे बसून मला तोही येतो म्हणणारा वकील भेटला, तर त्याला यांच्या पंपापुढे उभा कर."

फवारा खूश झाला. पण लगेच त्याच्या मनात दुसरंच आलं.

"म्हणजे खटला नीट चालला, तर ही तिकडे जाणार?"

"तिची इच्छा असेल तर."

"आणि हरली तर?"

"तर तुमची सून राहणार नाही. मग इथे का राहील?"

"म्हणजे जिंकली तरी जाणार आणि हरली तरी जाणार. मग तुमचा कायदा आमच्या काय कामाचा? सासू-सासऱ्यांसाठी एखादं कलम नाही का?"

"नाही."

"मग आम्हीच मुलाला घटस्फोट देतो. त्याचा कागद कुठे मिळतो?"

वकीलबाई हसली आणि हसता हसता रेघेबाहेर गेली, तशी फवाऱ्यानं तिला पुन्हा आत घेतलं. सासूला मात्र हसू आलं नव्हतं. ती नवऱ्याकडे डोळे बारीक करून बघत होती.

"म्हणून धुतलीत तारीख!"

"अगं, मला कुठे माहीत होतं आत काय आहे ते?"

"तुम्हाला सगळं माहीत असतं. दाखवत नाही एवढंच. ही गेली तर पाला कोण कापणार, हेच होतं तुमच्या मनात."

"तुझ्या मनात नाही?"

सासूनं डाव्या हातानं प्लास्टरच्या आत काडी घालून खाजवल्यासारखं केलं. सुनेनं दोघांकडे पाहिलं आणि पुढची फांदी उचलली.

"तुला काय हवंय?" वकीलबाईनं जाळीतून विचारलं.

"ते मी अजून ठरवलं नाही," सून म्हणाली. "पण मी ठरवायच्या आधी कुणी दार लावून घेऊ नये. आणि मी पळून गेले, असं कुठल्या कोर्टात लिहिलेलं राहू नये."

सुट्ट्या संपल्यावर कोर्टाचा फोन लागला. तो नेमका पाला टाकायच्या वेळेला लागला. सुनेनं फोन कानाशी रुमालाच्या गाठीत खोचला आणि हात चालू ठेवले. पलीकडे कारकून बाई होती. खटल्याचा नंबर छापलेला असल्यामुळे तो शिल्लक होता. बाईनं तो टिपून घेतला.

"तुमचा आवाज नीट येत नाही," ती म्हणाली. "तुमच्याकडे पाऊस पडतोय का?"

"नाही. अळ्या जेवतायत."

पलीकडे कळफलकाची टकटक थांबली.

"किती अळ्या?"

"चाळीस हजार."

"तुमचं होऊ द्या," बाई आदबीनं म्हणाली, "मी थांबते."

तारीख बुधवारची निघाली. कारकून बाईनं सांगितलं, की उत्तर द्यायचंय असा मजकूर आजच मेलवर पाठवा. बुधवारी पडद्यावर हजर राहता येईल, दुभाषाही मिळेल. शेवटी तिनं विचारलं, "इथे तुमच्या पत्त्यासमोर 'माहीत नाही' असं आहे. काय लिहू?"

सुनेनं पत्ता सांगितला. बाईनं तो लिहिला आणि मग म्हणाली, "हा तर अर्जदाराच्या आई-वडिलांचा पत्ता आहे."

"हो. तेही इथेच असतात."

बुधवारी सकाळी बऱ्याच अळ्यांनी खाणं सोडलं. अळी पिकली की ती मान वर करते आणि धागा सोडायला जागा शोधू लागते. तेव्हा तिला वेचून चंद्रिकेवर, म्हणजे कोष बांधायच्या जाळीवर, ठेवावं लागतं. उशीर झाला तर ती कुठेही, काडीत नाहीतर कचऱ्यात, आपलं रेशीम घालवून बसते. म्हणजे हीच एक वेळ अशी, की घरातल्या माणसानं शेड सोडून जाऊ नये, मग बोलावणारं कोर्ट असो की यम.

त्यामुळे कोर्टच शेडमध्ये आलं. फोन रॅकच्या दांड्याला सुतळीनं बांधला. वकीलबाई त्या दिवशी अत्तर न लावता आली होती. तिला रेघेच्या बाहेर यायची परवानगी मिळाली.

पडद्यावर न्यायाधीश बाई होत्या. एका चौकोनात मुलगा त्याच्या वकिलाशेजारी बसला होता. त्यानं नवीन शर्ट घातला होता आणि त्याची कॉलर टोचत असावी, कारण तो सारखी मान हलवत होता. एका चौकोनात दुभाषा होता.

"आपण कुठून बोलता आहात?" न्यायाधीश बाईंनी विचारलं.

"माझ्या कामाच्या जागेवरून," सून म्हणाली. तिनं नमस्कारासाठी हात जोडले, पण तळव्यांत अळ्या होत्या, म्हणून अर्धेच जोडले.

"अर्जात म्हटलं आहे, की आपण घर सोडलं आणि आपला ठावठिकाणा अर्जदाराला माहीत नाही."

"त्यांनीच मला विमानतळावर सोडलं. माझी बॅग त्यांनीच उचलली होती. त्यांच्या आईचा हात मोडला होता."

"याला काही आधार?"

सून बाजूला सरली. मागे सासू होती. तिनं प्लास्टरचा हात फोनपुढे धरला. तो इतका पुढे धरला की काही क्षण कोर्टाला नुसतं प्लास्टर दिसलं.

"या कोण?"

"अर्जदाराच्या आई. आणि ते पंपवाले त्यांचे वडील."

मुलाच्या वकिलानं मुलाकडे पाहिलं. मुलगा कॉलर सैल करू लागला. तेवढ्यात एक पिकलेली अळी सुतळीवरून चढली आणि फोनच्या काचेवर मान वर करून उभी राहिली. न्यायाधीश बाई खुर्चीत एकदम मागे सरकल्या.

"हे काय आहे?"

"रेशीम," सून म्हणाली आणि अळी अलगद उचलून तिनं चंद्रिकेवर ठेवली.

सासूनं रात्रभर मुलाला सुनवायची वाक्यं पाठ केली होती. त्यातली दोन-तीन तर वकीलबाईनं गाळायला लावली होती. आता ती पुढे झाली, पडद्यावरच्या मुलाकडे बघितलं, आणि तिच्या तोंडून निघालं, "जेवलास का?"

न्यायाधीश बाईंनी दुभाष्याला विचारलं, "त्या काय म्हणाल्या?"

"त्या विचारतात, अर्जदार जेवला आहे का."

न्यायाधीश बाई मुलाकडे वळल्या. "उत्तर द्या."

"नाही," मुलगा म्हणाला.

"बघा!" सासू कोर्टाला म्हणाली आणि मग स्वतःवरच इतकी चिडली की चुलीवर काही करपत असल्यासारखी मागे फिरली.

न्यायाधीश बाईंनी मुलाला विचारलं, पत्त्याचं ते वाक्य खरं आहे का. तो वकिलाकडे बघू लागला. वकील कागदांकडे बघू लागला. शेवटी मुलगाच म्हणाला, "नाही. ती कुठे आहे ते मला माहीत होतं. मला फक्त लवकर संपवायचं होतं."

सून तेव्हा पुढे आली. तिचे हात चालूच होते.

"त्यांना राहायचं नसेल तर मी त्यांना बांधून ठेवणार नाही," ती म्हणाली. "पण मी पळाले नाही. आणि माझा परवाना माझ्या नावावर करून घ्यायला मला वेळ पाहिजे. तिथे मी कुणाच्या घरात नुसती बसून नव्हते. मी काम करत होते."

एकतर्फी निकाल लागला नाही. मुलानं पत्त्याचं वाक्य मागे घेऊन लेखी दुरुस्ती द्यावी, असा आदेश झाला. पुढची तारीख लांबची मिळाली. तोवर तिचा परवाना जसाच्या तसा राहणार होता, तिला स्वतःच्या नावानं अर्ज करायला मोकळीक होती, आणि देण्याघेण्याचा विचार त्यानंतरच होणार होता. पडदा काळा झाला. वकीलबाईनं टाळी वाजवायला हात उचलले आणि अळ्यांकडे बघून खाली घेतले.

सासू-सुना अळ्या वेचत राहिल्या.

"तू जाणार," सासू शेवटी म्हणाली. तो प्रश्न नव्हता.

"कोष निघाले की जाईन, आई. अर्ज तिथे जाऊनच करावा लागेल. मिळाला परवाना तर इस्त्री चालवीन. नाही मिळाला तर काय करायचं ते तेव्हा बघीन."

"आणि तो भेटला तर?"

"भेटला तर भेटला. बोलेन."

सासू डाव्या हातानं एक अळी उचलायला बघत होती, ती निसटत होती. "माझा हात बरा झालाय म्हणून सांग त्याला," ती म्हणाली. "नाहीतर नको. झाला नाही म्हणूनच सांग."

फवाऱ्यानं नाक जोरात शिंकरलं आणि पंप कोपऱ्यात नेऊन ठेवला. मग तो सुनेशेजारी येऊन उभा राहिला. इतकी वर्षं फवारणी त्याची आणि वेचणी बायकांची, अशी वाटणी होती.

"मला दाखव," तो म्हणाला. "पिकलेली कशी ओळखायची ते. तू गेल्यावर हिच्या एका हातानं काय होणार?"

सुनेनं एक अळी उजेडाकडे धरून दाखवली. पिकलेली अळी काचेसारखी होते, आतून पिवळसर उजेड जातो. ती पाल्याकडे ढुंकूनही बघत नाही. त्यानं मान डोलावली, चष्मा पुसला आणि कामाला लागला. उत्साहानं त्यानं एक अख्खी चंद्रिका भरून टाकली आणि कौतुक करून घ्यायला तिला बोलावलं.

सून बघत राहिली. अर्ध्याअधिक अळ्या चंद्रिकेवरून खाली उतरायला लागल्या होत्या. एक तर जाळीलाच चावून बघत होती. सुनेनं तिला उचलून परत पाल्यावर ठेवलं. अळीनं लगेच खायला सुरुवात केली.

"बाबा, ही अजून कच्ची आहे. हिचं खाणं राहिलंय."

"घाई केली का मी?"

"तुमच्या घराण्यातच आहे ती," सून म्हणाली.

सासू आधी हसली. इतकी हसली की प्लास्टरचा हात पोटाशी धरून तिला स्टुलावर बसावं लागलं. फवारा थोडा वेळ रागावून बघायचा प्रयत्न करत होता, पण ते त्याला जमलं नाही. मग तोही खाली वाकला आणि खाली उतरणारी एकेक अळी उचलून, नीट, न चेंगरता, पुन्हा पाल्यावर ठेवू लागला.